महाविद्यालयाच्या रासेयो पथकाचा इतिहास कसा लिहावा

नागपुरातील महाविद्यालयांत २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) स्थापना दिन साजरा होतो आणि त्या निमित्ताने आपल्या पथकाचा इतिहास लिहून काढण्याची कल्पना अनेकदा पुढे येते. ही कल्पना प्रत्यक्षात आणताना देशपातळीवरील माहिती एका परिच्छेदात आटोपावी. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू केली, एवढे सांगणे पुरेसे आहे. उरलेली सर्व पाने आपल्या पथकाची आणि त्याने जेथे काम केले त्या गावांची असावीत.

पथकाचे स्थापनावर्ष १९६९ धरून चालू नये. विद्यापीठाचे मंजुरीपत्र, महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल किंवा अनुदानाच्या हिशेबातील पहिली नोंद हाती येईपर्यंत ते कोरे ठेवावे. कागद शोधताना विद्यापीठाच्या बदललेल्या कार्यक्षेत्राचेही भान हवे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. त्यामुळे यवतमाळ किंवा गडचिरोलीकडील एखाद्या जुन्या शिबिराचा उल्लेख सापडल्यास तो चुकीचा समजून वगळू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव विद्यापीठाला २००५ मध्ये मिळाले, म्हणून त्यापूर्वीच्या घटना लिहिताना तेव्हाचेच नाव वापरावे.

महाविद्यालयात हजेरीपट, शिबिराचे अहवाल, सल्लागार समितीची इतिवृत्ते, खर्चाची विनियोग प्रमाणपत्रे आणि वार्षिकांक ही साधने मिळू शकतात. ती वाचताना प्रत्येक कागद कोणासाठी तयार झाला होता, हे लक्षात ठेवावे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास सेवा करावी, असा नियम असल्याने नोंदीतील तास अनेकदा नेमके तेवढेच भरतात, आणि त्यावरून प्रत्यक्ष श्रम किती झाले हे ठरवता येत नाही. वार्षिकांकातील विद्यार्थ्यांचे लेख या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटतात, कारण त्यांत अहवालात न येणारी माणसे आणि अडचणी येतात. छायाचित्रांना मात्र संदर्भाची जोड लागते. १९७२च्या दुष्काळानंतर, १९७३ मध्ये, योजनेच्या विशेष शिबिरांचा विषय दुष्काळनिवारण हाच होता. त्यामुळे त्या काळातील खोदकामाचे छायाचित्र केवळ ‘श्रमदान’ अशा ओळीखाली छापणे अपुरे ठरेल.

सर्वाधिक वेळ दत्तक गावासाठी, म्हणजे पथकाने कामासाठी निवडलेल्या गावासाठी, राखून ठेवावा, आणि येथेच बहुतेक पुस्तिका उण्या पडतात. हिंगणा, कळमेश्वर, उमरेड किंवा काटोल यांपैकी ज्या तालुक्यात शिबिर झाले असेल, तेथे जुना अहवाल बरोबर घेऊन जावे, ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात त्या वर्षाची नोंद आहे का ते विनंती करून पाहावे आणि बांधलेला बंधारा, शोषखड्डे किंवा लावलेली झाडे आज कोणत्या स्थितीत आहेत याची तारखेसह नोंद करावी. काम टिकले नसेल, तर तेही कारणासह लिहावे, कारण देखभाल कोणाकडे होती हा प्रश्न पुढच्या शिबिराच्या नियोजनासाठी फार महत्त्वाचा आहे. ज्येष्ठ ग्रामस्थांशी बोलताना ‘शिबिर कसे होते?’ असे विचारल्यास ‘चांगले होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी मुले कोठे मुक्कामाला होती, स्वयंपाक कोणी केला, पाणी कोठून आणले, मुलींना घरून परवानगी कशी मिळाली आणि कोणत्या कामाला गावातून विरोध झाला, असे विचारावे. बोलणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी संमती घ्यावी आणि नाव छापायचे की नाही, हे सांगणाऱ्यावरच सोडावे.

लेखन करताना कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पथक सांभाळणाऱ्या प्राध्यापकांच्या, कार्यकाळानुसार प्रकरणे पाडण्याचा मोह होतो. परंतु आरोग्य, पाणी, साक्षरता, वृक्षारोपण अशा कामांनुसार मांडणी केल्यास तेच काम वेगवेगळ्या काळात कसे बदलत गेले हे वाचकाला दिसते. अधिकाऱ्यांची सूची शेवटी परिशिष्टात द्यावी. माजी स्वयंसेवकाची आठवण आणि कागदातील नोंद यांत तफावत आढळल्यास दोन्ही शेजारी छापाव्यात. छपाईपूर्वी गावाविषयीचा मजकूर ग्रामस्थांना वाचून दाखवावा, त्यांच्या दुरुस्त्या स्वीकाराव्यात आणि पुस्तिकेची एक प्रत ग्रंथालयात, तर दुसरी त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी.