पुणे-लोणावळा लोकलनं अप-डाऊन करायचंय? मग आधी हे वाचा

पुण्यात नवीन आलेल्या पोरापोरींना, खासकरून ज्यांचं कॉलेज नाहीतर जॉब चिंचवड, आकुर्डी, तळेगाव या पट्ट्यात आहे त्यांना मी कायम एकच सांगतो, रूम बघायच्या आधी लोकलचं टाइमटेबल बघा. ब्रोकर "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणतो आणि आपण खूश होतो, पण त्या स्टेशनवरून आपल्या वेळेला गाडी आहे का हे कुणी विचारतच नाही. आणि आपल्याकडे सगळा खेळ त्या वेळेचाच आहे.

मुंबईहून येणाऱ्यांनी तर तिकडची सवय आधी डोक्यातून काढा. तिकडे एक गेली की मागून दुसरी येतेच, इकडे एक चुकली की पाऊण तास, तास, कधी त्याहून जास्त. म्हणून इथे रोज जाणारी माणसं "लोकलने जातो" म्हणत नाहीत, कितीची गाडी ते सांगतात. तुम्हीपण तसंच करा. सकाळची एक गाडी आपली धरा, त्याच्या आधीची एक इमर्जन्सीला माहिती ठेवा, संध्याकाळच्या परतीच्या दोन गाड्या पाठ करा, बास. एवढं जमलं की या शहरात यापेक्षा स्वस्त आणि बिनडोकेदुखीचा प्रवास नाही असं माझं स्पष्ट मत आहे, जुन्या मुंबई-पुणे रोडवर संध्याकाळी सात वाजता एकदा अडकून बघा म्हणजे पटेल.

गाड्या कमी का, हे समजून घेतलं की चिडचिड निम्मी होते. पुणे ते लोणावळा जेमतेम ६४ किलोमीटर, १९७८ पासून इथे लोकल धावतेय, पण लाईनी दोनच, एक जायची एक यायची. त्याच दोन लाईनींवरून मुंबईच्या एक्स्प्रेस, दक्षिणेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या पण जातात. त्यामुळे मागून एक्स्प्रेस येत असेल तर लोकल तळेगावसारख्या जागी बाजूच्या लाईनला घेतात आणि एक्स्प्रेस पुढे काढतात. सिग्नलला गाडी उगाच उभी आहे असं वाटतं, उगाच नसते. म्हणून ऑफिसला पोचायची वेळ आणि गाडीची वेळ यात दहा-पंधरा मिनिटं हातात ठेवा.

दुपारचं मात्र नीट लक्षात ठेवा. सकाळची गर्दी ओसरली की दुपारी गाड्या फारच विरळ होतात, कारण रुळांची आणि वायरची कामं करायला रेल्वेला तोच वेळ मिळतो. हाफ डे घेऊन निघालात, कॉलेज लवकर सुटलं, असं असेल तर आधी टाइमटेबल बघा आणि गाडी नसेल तर सरळ मेट्रो नाहीतर पीएमपीची बस पकडा, बाकड्यावर बसून वाट बघण्यात काही अर्थ नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा पण हेच. टाइमटेबलसाठी एम-इंडिकेटर चांगलं आहे, त्यात पुणे लोकल वेगळी दिलीय, आणि गाडी आत्ता कुठे आहे ते बघायला व्हेअर इज माय ट्रेन.

आता तिकीट. काउंटरला लाईन असते, गाडीच्या आधी पाच मिनिटं तर हमखास असते, म्हणून ॲप टाकून ठेवा. आधी यूटीएस होतं, २०२५ मध्ये रेल्वेनं रेलवन आणलं, त्यात लोकलचं तिकीट आणि पास दोन्ही निघतं. फक्त तिकीट स्टेशनात शिरायच्या आधी काढायचं, नाहीतर स्टेशनवर लावलेला क्यूआर स्कॅन करून काढायचं, ऐनवेळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून लोकेशनचा घोळ होतो आणि गाडी निघून जाते. टीसीला ॲपमधलंच तिकीट दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपायची सवय असेल तर कागदी तिकीट काढा, मशीनवर पण मिळतं. विदाऊट तिकीट सापडलात तर कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं, तेवढ्यात कितीतरी फेऱ्या होतात.

रोज जायचं असेल तर पासच काढा, यात विचार करण्यासारखं काहीच नाही. लोकलच्या महिन्याच्या पासचा हिशोब साधारण पंधरा सिंगल तिकिटांचा असतो, म्हणजे आठ दिवस जाऊन येऊन केलंत की पैसे वसूल आणि उरलेला महिना फुकट. तीन महिन्यांचा काढला तर आणखी थोडे वाचतात. ओळखपत्र सोबत ठेवा, आणि ॲपवरून काढत असाल तर तो दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, म्हणून आदल्या दिवशी काढून ठेवा. पास जिथून जिथवर आहे त्यातल्या मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरता येतं, त्यामुळे शिवाजीनगरला काम आणि अधूनमधून पुणे स्टेशनला जावं लागत असेल तर पास पुण्यापर्यंतचा घ्या, फरक किरकोळ पडतो. स्टुडंट्सना सवलत आहे, कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्मवर सही-शिक्का आणावा लागतो, तेवढा कंटाळा करू नका. आणि लोकलचं साधं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढू नका, "दोन स्टेशनं तर आहेत" हे टीसी ऐकून घेत नाही.

प्लॅटफॉर्मवर सगळ्यात महत्त्वाचं काय तर गाडी कुठवर जातेय ते वाचा! सगळ्या लोकल लोणावळ्याला जात नाहीत, काही तळेगावलाच संपतात. कामशेत, मळवलीवाल्यांनी तळेगाव लोकल पकडली तर तळेगावला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत बसावं लागतं. तसंच काही गाड्या पुणे स्टेशनवरून सुटतच नाहीत, शिवाजीनगरवरून सुटतात. त्यामुळे पुणे स्टेशनला जाऊन "गाडी कुठंय" करण्यापेक्षा ॲपमध्ये सुरुवातीचं स्टेशन बघा. पुणे स्टेशनला सहा प्लॅटफॉर्म आहेत आणि अनाउन्समेंट ऐकू येईल याची गॅरंटी नाही, इंडिकेटर वाचूनच जिना चढा. आणखी एक, रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी ती अप, म्हणजे आपल्याला लोणावळ्याकडे जायचं तर अप आणि पुण्याकडे यायचं तर डाऊन, नवीन माणूस इथे बरोब्बर उलटं समजतो आणि चुकीच्या प्लॅटफॉर्मला जाऊन उभा राहतो.

डबा कुठला पकडायचा हे तुम्ही कुठे उतरता आणि तिथला जिना कुठे आहे त्यावर ठरवा, दोन-तीन दिवसांत अंदाज येतो. लेडीज डबा वेगळा, दिव्यांगांचा वेगळा, सामानाचा वेगळा, त्यात मावळातले दूधवाले आणि भाजीवाले असतात, सकाळच्या गाडीला तिथे घुसून त्यांच्या कॅनमध्ये पाय अडकवू नका, त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे तो. रोजच्या लोकांचे ग्रुप असतात, जागा धरतात, थोडं सांभाळून घ्या, महिनाभरात तुम्हालाही कुणीतरी "या, सरकतो" म्हणेल.

स्टेशनं एकूण सतरा. सगळ्यांचं पुराण सांगत नाही, जिथे माणसं चुकतात तेवढंच सांगतो. कॅम्प, ससून, कलेक्टर ऑफिस हवं तर पुणे स्टेशन, आणि कोथरूडला जायचं तर तिथूनच वनाझची मेट्रो. जंगली महाराज रोड, फर्ग्युसन रोड, कोर्ट यासाठी शिवाजीनगर. शिवाजीनगरवरून स्वारगेटची मेट्रो २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तर मंडई आणि पेठांत जाणाऱ्यांनी पुणे स्टेशनपर्यंत जायचं कारणच उरलं नाही. पण एसटीचं लक्षात ठेवा, शिवाजीनगरचा एसटी स्टँड २०१९ च्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवला, नाशिक-संभाजीनगरची गाडी पकडायला येणारी कितीतरी माणसं अजून स्टेशनबाहेर येऊन स्टँड शोधतात.

दापोडी आणि कासारवाडी ही दोन स्टेशनं लोक फार हलक्यात घेतात, पण दोन्हीकडे मेट्रो जवळ आहे, कासारवाडीला तर नाशिक फाट्याचं मेट्रो स्टेशन अगदी शेजारी, भोसरी किंवा पुणे-नाशिक रोडच्या बाजूला जाणाऱ्यांनी इथेच उतरावं. पिंपरीला उतरलात की पिंपरी कॅम्पातलं मार्केट. चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात जायचं असेल तर ते चिंचवडगावात आहे, स्टेशनला लागून नाही, रिक्षा किंवा बस करावी लागते. आकुर्डी म्हणजे निगडी प्राधिकरण आणि कॉलेजांची गर्दी. हिंजवडीवाल्यांना खरं सांगायचं तर लोकलचा उपयोग अर्धाच आहे, चिंचवड किंवा आकुर्डीला उतरून पुढे बस-रिक्षा करावीच लागते, रूम त्या हिशोबानं घ्या.

देहू रोडला सगळ्यात जास्त घोटाळा होतो. देहू रोड म्हणजे देहू नाही. तुकोबांचं गाव तिथून काही किलोमीटर आत आहे, तुकाराम बीजेला तर आधीच बसची सोय बघून निघा. पण देहू रोड स्टेशनला उतरलात तर तिथलं बुद्धविहार नक्की बघा, बाबासाहेबांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ ला तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली होती, रोज त्या स्टेशनवरून जाणाऱ्या कित्येकांना हे माहितीच नसतं याचं मला फार वाईट वाटतं. तळेगावला स्टेशन भाग आणि गाव भाग वेगळे, फ्लॅट बघताना "स्टेशनजवळ" म्हणजे नक्की कुठल्या बाजूला हे विचारा, गावात घेतलात तर रोजची रिक्षा धरून हिशोब करा. वडगावला तहसीलदार कचेरी, मावळातल्या लोकांची सातबाऱ्याची कामं इथेच, आणि १७७९ ची इंग्रजांविरुद्धची लढाई पण इथलीच.

माझं विचाराल तर रूम घेताना भाड्यापेक्षा स्टेशनपासून पायी किती लागतं ते बघा. दोन हजार कमी भाड्याची रूम घेतली आणि रोज दोन्ही वेळा रिक्षा केली तर महिन्याला उलटे जास्त जातात, शिवाय रिक्षा मिळेपर्यंत गाडी गेली की संपलंच. घर बघायला संध्याकाळी लोकलनंच जा आणि लोकलनंच परत या, दुपारी बाईकवर जाऊन काही कळत नाही.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाडीचं चित्रच वेगळं असतं, अख्खं पुणे मळवलीला निघालेलं असतं. मळवली बरोबरच आहे, एका बाजूला भाजे लेणी आणि तिथून वर लोहगड-विसापूर, हायवे ओलांडून दुसऱ्या बाजूला कार्ला आणि एकवीरा. पण सकाळची लवकरची गाडी पकडा, नंतरच्यात उभं राहायला पण जागा नसते. आणि गडावर चढायच्या आधी परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण मळवली छोटं स्टेशन आहे, तिथे एक्स्प्रेसच्या भरवशावर राहता येत नाही, लोकल गेली की अंधारात हायवेपर्यंत चालत जाऊन गाडी शोधावी लागते. अशा छोट्या स्टेशनांवरून एक्स्प्रेस न थांबता पूर्ण वेगात जातात, पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा, रूळ ओलांडू नका, पूल कितीही लांब असला तरी पुलावरूनच जा. हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

लोणावळ्याच्या पुढे ही लोकल जात नाही, तिथून खाली बोरघाट, चढाच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मुंबईला जायचं तर लोणावळ्याला एक्स्प्रेस पकडायची. एक फायदा पण आहे, पावसात घाटात दरड आली आणि मुंबईच्या गाड्या रद्द झाल्या अशी बातमी ऐकली तरी लगेच सुट्टी टाकू नका, लोकल घाटात उतरतच नाही, बरेचदा ती चालू असते, आधी चौकशी करा, १३९ ला फोन लावा.

वारीच्या दिवसांत तर लोकलच खरी. तुकोबांची पालखी देहूतून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात, त्या दोन दिवसांत जुन्या हायवेवर वाहतूक वळवलेली असते, बस कुठून जाईल सांगता येत नाही. दर्शन घ्यायचं असेल तरी आणि ऑफिसला जायचं असेल तरी स्वतःची गाडी घरी ठेवा. गर्दी असते पण माऊली माऊली करत लोक जागा करून देतात. गणपतीत रात्री उशिरा परतायचं असेल तर जादा गाड्या सोडल्यात का ते त्या वर्षीच्या बातम्यांत बघा, गेल्या वर्षीच्या वेळा धरून बसू नका.

दौंडच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी थोडंसं, तिकडे डेमू-मेमू, म्हणजे डिझेलवर नाहीतर विजेवर चालणाऱ्या पॅसेंजर गाड्या जातात, हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव करत दौंडपर्यंत. गाड्या लोणावळा बाजूपेक्षाही कमी आहेत, त्यामुळे वेळेचं वर जे सांगितलं ते तिकडे दुप्पट लागू. आणि तिकडून येऊन पुढे पिंपरी-चिंचवडला जायचं असेल तर पुण्याला गाडी बदलावी लागते, दोन गाड्यांमध्ये निदान वीस मिनिटं ठेवा, आणि पास दोन वेगळे काढायच्या आधी सरळ एकच मिळतो का ते काउंटरला विचारून घ्या.