बिअर्डेड ड्रॅगनने अंडी घातली: आधी आई सांभाळा, मग अंडी

बिअर्डेड ड्रॅगन या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या पाळीव सरड्याच्या मादीने अंडी घातली की घरातले सगळे अंड्यांभोवती जमतात आणि ती बिचारी कोपऱ्यात पडून राहते. खरं तर उलटं व्हायला हवं. अंडी चार-सहा तास ओल्या मातीत सुखाने राहतात. तिच्या अंगातलं पाणी आणि कॅल्शियम मात्र पंधरा-वीस, कधी त्याहूनही जास्त अंड्यांमध्ये गेलेलं असतं.

अंडी घालून झाल्यावर ती पुढच्या पायांनी माती परत ओढते आणि नाकाडाने दाबून दाबून बसवते. हे काम तिला पुरं करू द्या. ती स्वतःहून बाजूला झाली की पोट एकदम चपटं दिसेल, कमरेची हाडं वर आलेली असतील, कातडी सैल पडलेली असेल. लगेच पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन तिला पंधरा मिनिटं बसवा. पाणी खांद्याच्या वर नको. तोंडाशी थेंब सोडलेत तर बहुतेक जणी चाटून पितात. मग अंग पुसून तिला दिव्याखालच्या उबेत ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. पुढचे दोन आठवडे हा आकडा वर जायला हवा.

खायला रोज किडे द्या आणि त्यांच्यावर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरा. पाल्यात शेवगा उत्तम. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. किडे विकतचे किंवा घरी वाढवलेलेच हवेत. तासगावकडच्या द्राक्षबागेतले किंवा उसातले नाकतोडे फुकट मिळतात, पण त्यांच्यावर कोणती फवारणी झाली आहे हे कळत नाही. आणि पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवे तर अजिबात नकोत, एखाददुसरा काजवाही या प्राण्याला मारू शकतो. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे अतिनील किरण देणारा दिवा, चालू ठेवा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्याची जागा घेत नाही.

नर असेल तर त्याला वेगळं ठेवा. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे नर जवळ नसतानाही तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा अंडी घालू शकते. ओल्या मातीचा डबा म्हणून तयारच असू द्या. ती उकरत राहते पण अंडी येत नाहीत, मागचे पाय ओढते, बोटं थरथरतात किंवा जबडा मऊ लागतो, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. सगळेच पशुवैद्य सरपटणारे प्राणी तपासत नाहीत. फोन करून विचारून ठेवायचं काम अंडी यायच्या आधीच उरका.

आता अंडी. ती नराशिवायची असतील तर फुटणार नाहीत, सरळ काढून टाका. नर होता तरी आधी विचार करा: वीस पिल्लं म्हणजे महिनाभरात वेगवेगळे पिंजरे, दिवे आणि रोजचे शेकडो किडे. एवढं झेपणार नसेल तर पहिल्याच दिवशी अंडी फ्रीझरमध्ये ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. परदेशी प्राणी कास किंवा कोयनेच्या रानात सोडून देणं हा पर्यायच नाही.

उबवायचीच असतील तर वरची माती बोटांनी बाजूला करा आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करा. पहिल्या 24 तासांनंतर गर्भ आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो, म्हणून खूण शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे. धुवू नका. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, झाकणाला दोन-तीन बारीक भोकं पाडा. रोपांच्या नर्सरीत मिळणारं व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) वजनाने तेवढ्याच पाण्यात कालवा. मुठीत दाबल्यावर जेमतेम एखादा थेंब सुटला पाहिजे. अंडी त्यात अर्धी रुतवा, मध्ये बोटभर जागा ठेवा.

तापमान 28 ते 30 अंश. इथे एक चूक हमखास होते: ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याचं अंडी उबवायचं यंत्र वापरलं जातं. ते कोंबडीसाठी साडेसदतीस अंशांवर चालतं आणि अंडी फिरवतं, म्हणजे दोन्ही गोष्टी घातक. थर्मोकोलचा खोका, छोटं हीटिंग पॅड आणि तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट एवढं पुरतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांच्या अगदी शेजारी ठेवा. साताऱ्याच्या थंडीत वीज गेली तर खोक्याभोवती गोधडी गुंडाळा, थोडा वेळ गारवा अंडी सोसतात. सांगलीचा एप्रिल-मे जास्त वाईट. पारा चाळिशीला गेला की हीटर बंद असूनही खोका तापतो, म्हणून तो घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा आणि आत फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवा, अंड्यांना न टेकवता. 32 अंशांच्या वर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन जन्मतात, हे 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं.

दोन आठवड्यांनी अंधारात अंड्याखाली मोबाइलचा टॉर्च क्षणभर धरा. गुलाबी आणि आत लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. पिवळं, सुरकुतलेलं, बुरशी आलेलं अंडं काढून टाका, पण शंका असेल तर राहू द्या.

साधारण 55 ते 80 दिवसांत अंड्यावर घामासारखे थेंब येतात, ते जरा बसतं आणि पिल्लू नाकाने चीर पाडतं. कधी डोकं बाहेर काढून दिवसभर तसंच राहतं. ओढू नका, पोटाशी उरलेला बलक ते शोषून घेत असतं. पहिले दोन-तीन दिवस ते खातही नाही.