‘बसा’ म्हणजे ‘सिट डाउन’ नव्हे

मिरजेत मी नर्सिंग झालेल्या मुलींना ओईटीची, म्हणजे परदेशात नर्स म्हणून काम करायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करून देते. पहिली दोन वर्षं माझ्याकडे ‘संस्कृती’चा तास शनिवारी असायचा. ख्रिसमस, राजघराणं, काटे-चमचे, पावसापाण्याच्या गप्पा. मुली वह्या भरून न्यायच्या आणि मला समाधान वाटायचं.

मग इंग्लंडला गेलेल्या एका विद्यार्थिनीचा रडत फोन आला. वॉर्डात तिची तक्रार झाली होती, ही पेशंटवर हुकूम सोडते म्हणून. “मॅडम, मी सगळ्यांशी अदबीनंच बोलते हो.” नेमकं काय म्हणतेस, विचारलं. “सिट डाउन. गिव्ह मी युवर हँड. टेक धिस टॅब्लेट.” व्याकरणाची एक चूक नाही. ही वाक्यं मीच तपासून दिली होती.

नव्यानं शिकवायला लागला असाल तर इथे थांबा, कारण मी इथेच फसले. ‘बसा’, ‘हात द्या’, ‘गोळी घ्या’ ही मराठीत आदराचीच वाक्यं आहेत. ‘बस’ आणि ‘बसा’ यांतलं अंतर चार वर्षांच्या पोरालाही कळतं. आपला मान क्रियापदाच्या त्या एका कान्यात असतो. इंग्रजीत ‘यू’ एकच, आणि बस काय, बसा काय, दोन्हीचं ‘सिट डाउन’च होतं. मुलगी मनात ‘बसा’ म्हणते, पेशंटला ‘बस’ ऐकू येतं. इंग्रज माणूस मान दुसरीकडे ठेवतो. तो विनंतीचा प्रश्न करतो: ‘कुड यू सिट डाउन फॉर मी?’ हात धरण्याआधी काय करणार ते सांगतो, चालेल का विचारतो. शेवटी नुसतं ‘प्लीज’ चिकटवून भागत नाही. ‘सिट डाउन, प्लीज’ हा हुकूमच राहतो. आपण तरी रोजच्या बोलण्यात ‘कृपया’ कुठे म्हणतो? ते स्टेशनवरच्या घोषणेत. म्हणून ही सवय मुलींकडे आयती नसते, लावावी लागते.

पुढची गोष्ट जिवावरची आहे. तिकडची म्हातारी ‘अ बिट सोअर’ म्हणाली तर ‘थोडंसंच दुखतंय’ असं धरून पुढे जाऊ देऊ नका. तक्रार कमी करून सांगायची तिथे रीत आहे. शून्य ते दहात किती, हे विचारायला शिकवाच. आणि ‘ग्रँडमा’ अजिबात नको. आपल्या आजीला ‘आजी’ गोड लागतं, तिथे आधी विचारतात, काय म्हणून हाक मारू?

‘शंभर तयार वाक्यां’च्या पीडीएफ मुलींच्या मोबाईलमध्ये दिसल्या की मला संताप येतो. परीक्षेत बोलण्याच्या भागात नर्स-पेशंटच्या संवादाचे रोल-प्ले पाच-पाच मिनिटांचे दोन असतात, आणि 2018 पासून पेशंटचं म्हणणं कसं समजून घेता यालाही गुण आहेत. पाठ केलेली नर्स दुसऱ्याच मिनिटाला उघडी पडते. उच्चारांवर महिना घालवणाऱ्या सरांपेक्षा तिथल्या वॉर्डात सहा महिने काढलेली एखादी ताई गाठा. ती जास्त शिकवेल.

पण घाबरू नका. मुलींना मान देता येत नाही असं नसतंच. वर्गात विचारा, हीच गोळी वॉर्डबॉयच्या आईला कशी द्याल, सरपंचाला कशी, रुसलेल्या पोराला कशी? तीन वेगळी वाक्यं झटकन येतात, आवाजसुद्धा बदलतो. मग त्यातल्या एकेकाचा मान इंग्रजीत कुठे ठेवायचा ते मिळून शोधा. वेळ लागतो. माझ्याकडे एका वाक्यावर अख्खा तास गेलाय.

त्या फोनवालीबरोबर मी रात्री फोनवरच तिच्या ड्यूटीतली नऊ वाक्यं नव्यानं बांधली. ती अजून तिथेच आहे. तिकडे हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना, आणि चहाच्या सुट्टीत लोक कसं बोलतात ते ती स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवते. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी मी तेच ऐकवते. शनिवारचा तास बंद केलाय.