मुंबईत घर शोधताय? आधी सकाळच्या फलाटावर उभे राहा

गेल्या वर्षी मे महिन्यात अकोल्याहून बहिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, मले मरोळले नोकरी लागली. खोली कुठी पाहू?" मी तिला दोनच गोष्टी विचारल्या. ऑफिसला जवळचं स्टेशन कुठलं, आणि तिथं किती वाजता हजर व्हायचंय? दोन्ही तिला माहीत नव्हतं. पण बदलापूरचा एक वन बीएचके तिनं मोबाईलवर बघून ठेवला होता. हवेशीर, नवी इमारत, भाडं तिच्या पगारात बसणारं. दुसऱ्या दिवशी ती टोकन पाठवणार होती. मी म्हटलं, बाई, आठ दिवस थांब.

मी स्वतः २०१४ साली मुंबईत आले. परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, सकाळची पाळी आठची. तेव्हा मला अडवणारं कोणी नव्हतं. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्याही पुढं कल्याण-शीळ रोडच्या बाजूला मी भाड्यानं घर घेतलं. एजंटनं रविवारी दुपारी तीन वाजता स्वतःच्या बाईकवरून घर दाखवायला नेलं आणि म्हणाला, "स्टेशनपासून दहा मिनिटं." रविवारी दुपारी तीन वाजता बाईकवर ती खरोखरच दहा मिनिटं होती.

पहिल्या महिन्यात मी डायरीत एका सकाळच्या वेळा लिहून ठेवल्या, ते पान अजून आहे. घर सोडलं ५.३५. शेअर रिक्षात बसले ५.५२, कारण तिसरी सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. स्टेशन ६.०८. जलद गाडी ६.१६. दादर ७.१०. जिना चढून, पूल ओलांडून प्रत्येक स्टेशनाला थांबणाऱ्या धीम्या गाडीच्या फलाटावर, पहिल्या गाडीत शिरता आलं नाही, दुसरी पकडली, परळ ७.३१. लॅब ७.४५. दोन तास दहा मिनिटांच्या या प्रवासात दादरपर्यंतची गाडी फक्त ५४ मिनिटांची होती. बाकी सगळा वेळ रिक्षाची वाट, जिने आणि गाडी बदलणं यात गेला. संध्याकाळी स्टेशनबाहेर इंदिरा चौकात रिक्षाची रांग, त्यात पाऊस असला की विचारू नका. जुलैत एकदा मी ८.२० ला पोचले. रात्रीपासून उपाशी असलेले पेशंट हातात चिठ्ठी घेऊन बाकावर बसलेले. त्यातल्या एका आजीबाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत. त्याच आठवड्यात मी दुसरं घर शोधायला लागले.

म्हणून मी सांगते, किलोमीटर बघू नका. मध्य रेल्वेचं पहिलं स्टेशन सीएसएमटी, तिथपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८. नकाशावर डोंबिवली आणि कल्याणमध्ये फार फरक दिसत नाही. पण डोंबिवलीत स्टेशनपासून चालत नऊ मिनिटांवरचं घर आणि रिक्षानं वीस मिनिटांवरचं घर यांत जो फरक पडतो, तो डोंबिवली आणि ठाण्यातल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. घराच्या उंबऱ्यापासून ऑफिसच्या दारापर्यंतचा वेळ मोजा. आणि तो कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला मोजा.

सुरुवात ऑफिसपासून करा. ते कुठल्या लाईनवर आहे हे आधी कळलं पाहिजे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून अंधेरी, बोरिवली, विरारकडे जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, आणि कल्याणला तिचे दोन फाटे होतात: एक टिटवाळा-कसाऱ्याकडे, दुसरा अंबरनाथ-बदलापूर-कर्जतकडे. हार्बर सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशी, नेरूळ, पनवेल. हार्बरला जलद गाडी नाही आणि ती दादरला जात नाही, हे बाहेरगावच्या माणसाला कोणी सांगत नाही. नेरूळला सुंदर घर घेतलं आणि नोकरी परळला असली, तर रोज कुर्ल्याला उतरून गाडी बदला. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे भागात काम असेल तर ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर तुमची गाडी. शक्यतो ऑफिस ज्या लाईनवर, घर त्याच लाईनवर. एकदा गाडी बदलावी लागली तर चालतं, दोनदा बदलायची वेळ येत असेल तर ते घर सोडून द्या.

मेट्रोमुळे हा हिशोब बराच बदललाय. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून आहे. ती नसताना मध्य रेल्वेवर राहून अंधेरीला नोकरी म्हणजे दादरला वळसा नाहीतर बसमध्ये ताटकळणं होतं. आता आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रोही २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू आहे, आणि मरोळ नाक्याला या दोन्ही मेट्रो भेटतात. भाचीच्या ऑफिसचं स्टेशन तेच निघालं, म्हणून तिच्यासाठी बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलापासून घाटकोपरपर्यंत बरेच पर्याय उघडले.

आता धीमी आणि जलद. नवीन माणूस जलद गाडीच्या मागं लागतो. मला दहा-बारा वर्षांत जे कळलं ते असं, की गाडी कुठून सुटते हे ती किती जलद आहे यापेक्षा महत्त्वाचं. कर्जतहून किंवा कसाऱ्याहून येणारी जलद गाडी सकाळी आठला ठाण्यात येते तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नसते. पण ठाण्याहून, डोंबिवलीहून, कल्याणहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. ज्या स्टेशनातून गाडी सुटते तिथं, किंवा तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्टेशनात घर घेतलं तर निदान आत नीट उभं तरी राहता येतं. ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या गाडीचं पुढचंच स्टेशन मुलुंड. रोज ये-जा करणारे लोक हे सगळं तोंडपाठ सांगतात. फलाटावर एखाद्या बाईला विचारा, ती तुम्हाला कुठल्या गाडीत चौथी सीट (तिघींच्या बाकावर दाटीनं मिळणारी जागा) मिळते इथपर्यंत सांगेल.

माझं दुसरं घर मी असंच निवडलं. डोंबिवलीतच, पण टिळकनगर भागात, स्टेशनपासून चालत. भाडं अडीच हजारांनी जास्त, त्यातून दोन्ही वेळचं रिक्षाभाडं वजा केलं की फरक हजाराच्या आत. डोंबिवलीहून सुटणारी धीमी गाडी पकडते. जलदपेक्षा वेळ जास्त लागतो, पण बसून जाते आणि दादरला बदलावी लागत नाही, सरळ परळ. घरून ५.५८, लॅबमध्ये ७.३४. आधीच्यापेक्षा ३४ मिनिटं कमी, आणि लॅबमध्ये पोचते तेव्हा हात थरथरत नाहीत. सुई धरणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

भाचीला मी अकोल्याहून थेट भाड्याचं घर घेऊ दिलं नाही. पहिला महिना मुलींच्या पीजीत काढायला लावला. डिपॉझिट अडकत नाही आणि तेवढ्या दिवसांत शहर अंगवळणी पडतं. पास महिन्याचाच काढायचा, तिमाही नको, कारण घर बदललं तर स्टेशन बदलणार. त्या महिन्यात आम्ही तीन ठिकाणं पारखली. पारखायची रीत ही: मंगळवार-बुधवारसारखा साधा कामाचा दिवस धरा. ज्या इमारतीत घर बघताय तिच्या गेटवर तुमच्या निघायच्या वेळेला उभे राहा आणि घड्याळ लावून ऑफिसपर्यंत जा. संध्याकाळी सुटायच्या वेळेला उलट या. रविवारी घर बघायला हरकत नाही, प्रवास मात्र रविवारी मोजू नका. त्या दिवशी गर्दी नसते, आणि रुळांच्या दुरुस्तीसाठीच्या मेगाब्लॉकमुळे गाड्यांचा मार्ग आणि वेळाही वेगळ्या असतात. माझ्यासारखी ज्यांना रविवारची ड्यूटी लागते त्यांनी मात्र एक रविवारही जरूर मोजावा.

स्टेशनवर उतरल्यावर पूल बघून ठेवा. मोठ्या स्टेशनांत कल्याणच्या बाजूचा पूल आणि मुंबईच्या बाजूचा पूल यांत फलाटाची सगळी लांबी असते, आणि गाडी आली की फलाटावरून चालता येत नाही, माणसांच्या लोंढ्याबरोबर सरकावं लागतं. बायकांचा डबा कुठल्या पुलाजवळ लागतो, तो पूल तुमच्या घराच्या बाजूला उतरतो का, हे एकदा पाहून घ्या. पूर्व-पश्चिमही नीट विचारा. एकाच स्टेशनचं नाव असलं तरी पूर्वेकडून पश्चिमेला जायला कधीकधी पंधरा मिनिटं जातात. मुलींनी स्टेशन ते घर हा रस्ता रात्री नऊनंतर एकदा चालून बघावा. दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, दिवे आहेत का, हे दिवसा कळत नाही.

पावसाचं वेगळं बघा. कुर्ला-शीव पट्ट्यात रुळांवर पाणी आलं की मध्य आणि हार्बर दोन्ही अडकतात. घर आणि ऑफिस दोन्ही त्या पट्ट्याच्या एकाच बाजूला असतील तर निम्मी काळजी मिटते. नसतील तर अडकल्यावर रात्री कुणाकडे जाता येईल ते जूनच्या आधीच ठरवून ठेवा. मी परळच्या मैत्रिणीकडे एक जोडी कपडे ठेवलेले आहेत.

विदर्भ-खानदेशातून येणाऱ्यांना आणखी एक सांगते. गावी जायच्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात. दिवाळीत दोन बॅगा आणि लहान मूल घेऊन सीएसएमटी गाठण्यापेक्षा कल्याणहून चढणं किती सोपं, ते एकदा केलं की कळतं. घराच्या दोन पर्यायांत अगदी बरोबरी झाली तर कल्याणच्या जवळचं घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. भाड्याचा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, बहुतेक अकरा महिन्यांचा होतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी करून नोंदवावाच लागतो, नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. ऑनलाईन होतो, अंगठा आणि फोटो घ्यायला माणूस घरी येतो. "नुसत्या नोटरीवर भागवू" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. डिपॉझिट बँकेतूनच द्या. दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते, ती आधीच बोलून घ्या. आणि पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला विचारा, एजंटला नाही. पहाटे साडेपाचला निघणाऱ्या माणसाच्या घरी पाणी सहाला येऊन काय उपयोग?

भाचीनं शेवटी मुलुंड पूर्वेला दोन मुलींबरोबर घर घेतलं. बदलापूरच्या भाड्यात तिला तिथं पूर्ण घर मिळालं नसतं, तिच्या वाट्याला एक खोली आली. पण स्टेशन चालत सात मिनिटं. ठाण्याहून येणारी धीमी गाडी, घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाका. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर सकाळी रांग लागते, ती धरून तिचा हिशोब एक तास पाच मिनिटांवर येतो. बदलापूरचाही तिनं एका बुधवारी मोजून पाहिला होता. ऑफिसच्या दारात पोचायला दोन तास वीस मिनिटं लागली होती, आणि अंबरनाथ ते घाटकोपर तिला बॅग पोटाशी धरून एका पायावर उभं राहावं लागलं होतं.

आता तिनं स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवलाय. घर ८.१०, फलाट ८.१७, घाटकोपर ८.४०, मरोळ ९.०५, ऑफिस ९.१५. खाली पेन्सिलनं लिहिलंय: पावसात परत मोजणे.