लंडनला चाललेल्या सोलापूरच्या पोरांनो, भारी रेस्टॉरंटात जायच्या आधी हे वाचा

गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापुरात आलोय. भाचा या महिन्याच्या शेवटी लंडनला मास्टर्सला चाललाय, जानेवारी इंटेकला, आणि त्याच्याबरोबर जुळे सोलापूर भागातली अजून तीन-चार पोरं आहेत. परवा रात्री सगळी आमच्या गच्चीवर जमली. रूमचं भाडं, सिमकार्ड, बस-मेट्रोचं ऑयस्टर कार्ड हे सगळं त्यांना यूट्यूबवरनं माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, मी आपला ऐकत बसलो. शेवटी एका पोरीनं हळूच विचारलं, काका, तिथल्या भारी रेस्टॉरंटात जायचं झालं तर कसं करतात ओ, माझ्या दादाला कंपनीनं नेलं होतं तर तो घाबरून नुसता ब्रेड खाऊन आला. सगळी हसली. मी नाही हसलो, कारण मी २००९ ला गेलो तेव्हा माझं पण तेच झालेलं.

एक आधीच सांगतो, तिथं हॉटेल म्हणजे राहायची जागा. "हॉटेलात जेवायला जाऊ" म्हणलात तर समोरचा विचारतो कुठल्या हॉटेलात उतरलायस. रेस्टॉरंट म्हणायचं. मला ही सवय लागायला दोन वर्षं लागली आणि सोलापुरात उतरलो की एका मिनिटात सुटते.

आता माझी फजिती. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन एका झकपक जागी गेलो, नाव सांगत नाही. बसल्या बसल्या वेटर विचारतो, स्टिल ऑर स्पार्कलिंग. मला वाटलं साधं पाणी की सोडा, म्हणलं स्टिल. बाटली आली, संपली, त्यानं विचारलं अजून आणू का, म्हणलं आण. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातला माणूस पाण्याला नको कसं म्हणणार. बिलात तीन बाटल्या पाणी. बायको म्हणाली, एवढ्यात आपल्याकडं टँकर आला असता. तर त्या प्रश्नाला तिसरं उत्तर असतं आणि ते वेटर स्वतःहून सांगत नाही: "टॅप वॉटर प्लीज". नळाचं पाणी, फुकट. दारूचं लायसन असलेल्या प्रत्येक जागेला इंग्लंडमध्ये ते मागितलं की फुकट द्यावंच लागतं, २०१० पासून तसा नियमच आहे. कितीही मोठी जागा असली तरी मागा, शेजारच्या टेबलावरचा गोरा पण तेच पीत असतो.

मला इतक्या वर्षांत कळलेला मुख्य फरक हाच आहे. आपल्याकडं वाढणारा विचारतो. ताटात भाकरी संपायच्या आत दुसरी येते, नको नको म्हणलं तरी रस्सा ओततात, आणि कुणी आग्रह केला नाही तर आपण घरी येऊन महिनाभर बोलतो. तिथं आग्रह नाही. तुम्ही विचाराल ते मिळतं, नाही विचारलं तर तुम्हाला नकोच असेल असं धरून चालतात. बिलाचं पण तसंच. आपल्याकडं हात धुतले की बडीशेप आणि बिल बरोबरच येतं, तिथं न मागता बिल आणणं म्हणजे उठा आता म्हणल्यासारखं होतं, त्यामुळं ते आणतच नाहीत. मी पहिल्यांदा पाऊण तास बसून होतो. त्यांना वाटलं निवांत बसलाय, मला वाटलं विसरले. लांबनं "ए दादा" म्हणून हाक मारू नका, चुटकी तर अजिबात नको, नजरेला नजर झाली की हात थोडा वर करायचा बास.

आता जायचं कधी. पोरांनो, दुपारी जावा. चांगल्या चांगल्या, अगदी मिशलिन स्टारवाल्या बऱ्याच रेस्टॉरंटात आठवड्याच्या दिवशी दुपारी सेट लंच असतं, दोन किंवा तीन कोर्स (एकामागून एक येणाऱ्या डिश) ठरलेल्या किमतीत, तेच किचन, तीच माणसं, आणि रात्रीपेक्षा लय स्वस्त. मेन्यू छोटा असतो त्यामुळं काय मागवू म्हणून घाम पण फुटत नाही. त्या मिशलिनचं पण सांगून टाकतो, ती टायरची कंपनी आहे, १९०० साली गाडीवाल्यांसाठी त्यांनी फ्रान्समध्ये गाईड काढलं आणि १९२६ पासून त्यात स्टार द्यायला लागले. एक स्टार म्हणजे वाटेत असेल तर थांबावं, दोन म्हणजे वाट वाकडी करावी, तीन म्हणजे तेवढ्यासाठीच प्रवास करावा, म्हणजे बार्शीहून सोलापूरला फक्त जेवायला यावं असं. तुमच्या कामाची गोष्ट मात्र वेगळीच, त्यांची 'बिब गुरमाँ' नावाची यादी असते, चांगलं पण परवडणारं अशा जागांची. सुरुवात तिथनं करा.

बुकिंगशिवाय शनिवारी रात्री जाऊ नका. ओपनटेबल, सेव्हनरूम्स असल्या साइटवरनं होतं, नावाजलेल्या जागांचं टेबल काही आठवडे आधीच खुलतं आणि लगेच संपतं. बुक करताना बऱ्याच ठिकाणी कार्ड नंबर घेतात. आला नाहीत किंवा आयत्या वेळी रद्द केलंत तर माणशी ठराविक पैसे कापतात, किती आणि किती तास आधी रद्द करायचं ते तिथंच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा ते. आणि आपली ती सवय, चौघांचं सांगून सहाजण जायचं, "दोन खुर्च्या टाका की साहेब", ते विसरा. खुर्ची टाकत नाहीत. टेबल पण बऱ्याच ठिकाणी दोन तासांपुरतंच असतं, पुढचे लोक आलेले असतात. उशीर होणार असेल तर फोन करा, पंधरा-वीस मिनिटं झाली की टेबल गेलं समजा. एकटे-दुकटे असाल तर बारच्या काउंटरला जागा आहे का विचारायचं, बिनबुकिंगचं तिथं बऱ्याचदा जमतं, आणि मला तर तिथं बसायलाच आवडतं, किचन दिसतं.

कपड्यांचं फार टेन्शन घेऊ नका. रिट्झसारख्या जागी पुरुषांना जॅकेट आणि टाय लागतो, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, पण असल्या जागा थोड्या. बाकी इस्त्रीचा शर्ट आणि बरे बूट पुरे. आत गेल्यावर कोट काढून घेतात, घाबरू नका, परत देतात. नॅपकिन मांडीवर घ्यायचा. काही ठिकाणी तो एवढा जाड आणि मोठा असतो की मी उलटून बघतो, आपल्या चाटी गल्लीतला टॉवेल तर नाही ना.

काटे-चमचे चार-पाच दिसले तर बाहेरनं आत यायचं, एवढंच. खरी गंमत ठेवायच्या पद्धतीत आहे. खाता खाता सुरी-काटा ताटात दोन बाजूला ठेवला तर चालू आहे, दोन्ही शेजारी शेजारी, घड्याळात साडेसहा वाजल्यासारखे ठेवले तर झालं. माझं ताट एकदा अर्धा मासा असताना उचलून नेलं, कारण मी फोन बघायला काटा-सुरी नीट जोडून ठेवलेली. मी तोंडानं काहीच बोललो नाही, पण त्यांच्या भाषेत मीच सांगून बसलो होतो.

मेन्यू वाचताना. किमतीत टॅक्स धरलेला असतो, वीस टक्के व्हॅट आतच, त्यामुळं आकडा दिसतो तोच. पण मेनमध्ये, म्हणजे मुख्य डिशमध्ये, मासा म्हणलं की नुसता मासा येऊ शकतो, बटाटा-भाजी 'साइड्स'खाली वेगळी घ्यायची आणि वेगळे पैसे. टेस्टिंग मेन्यू असेल तर बहुतेक जागी अख्ख्या टेबलानं तोच घ्यावा लागतो, सात-आठ छोट्या डिश, तीन तास, पहिल्याच वेळी त्या भानगडीत पडू नका. मटणाचं लक्षात ठेवा, आपल्याकडं मटण म्हणजे बोकड, तिथं मटण आणि लॅम्ब दोन्ही मेंढीचं. वाईन नको असेल तर नको म्हणा, कुणी कमी लेखत नाही. हवी असेल तर यादीतल्या परवडणाऱ्या किमतीवर बोट ठेवून "यासारखी कुठली" म्हणायचं, वेटर बरोबर समजतो. मग तो घोटभर ओतून तुमच्या तोंडाकडं बघत उभा राहतो, ते आवडली का म्हणून नसतं, बाटली खराब तर नाही ना एवढंच. वास बरा असेल तर मान डोलवा.

शाकाहारी असाल तर जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडं कडक शाकाहारी घरं भरपूर आहेत. तिथं मेन्यूवर व्ही, म्हणजे व्हेजिटेरियन, लिहिलं की अंडं चालतं असं धरलेलं असतं. खरं पारमेझान चीज वासराच्या पोटातल्या, दूध घट्ट करणाऱ्या रेनेटनं करतात. सीझर सॅलडमध्ये छोटे मासे असतात. चिप्स, म्हणजे आपले फ्रेंच फ्राईज, कधीकधी गाईच्या चरबीत तळतात, त्याला बीफ ड्रिपिंग म्हणतात. पॅनाकोटा नावाच्या गोड पदार्थात जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटीन. हे सगळं बुकिंग करतानाच लिहायचं, मोठ्या जागा दोन दिवस आधी कळलं तर वेगळा शाकाहारी मेन्यू करून देतात आणि बऱ्याचदा तो मांसाहारीपेक्षा भारी असतो. फक्त एक करू नका. बीफ खात नाही म्हणून "बीफची ॲलर्जी आहे" असं ठोकून देऊ नका. ॲलर्जी हा शब्द तिथं लय गंभीर आहे, किचनमध्ये पाट, सुऱ्या, हात सगळं धुवायला लावतात. "आय डोंट ईट बीफ" म्हणा, तेवढं पुरतं.

ॲलर्जीवरनं आईची गोष्ट. ती आली होती तेव्हा तिला दुपारी चांगल्या ठिकाणी नेलं. ताट आलं, सुंदर मांडलेलं, फुलकोबीचं काहीतरी. आईनं एक घास खाल्ला, माझ्याकडं बघितलं आणि पर्समधनं स्टीलची डबी काढली. शेंगा चटणी. कुणाला कळायच्या आत चमचाभर त्या फुलकोबीवर. वेटर आला, अगदी हळू आवाजात विचारलं, यात पीनट आहे का. तिकडच्या कायद्यात चौदा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी होणारे पदार्थ, ठरवलेत, रेस्टॉरंटला त्यांची माहिती द्यावीच लागते, आणि शेंगदाणा त्यात आहे, तीळ आहेत, मोहरी पण आहे, म्हणजे आपली अर्धी फोडणी. शेजारच्या टेबलावर एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, बुकिंगलाच सांगितलेली. त्यानं डबी कागदी पिशवीत घालून आमच्याकडंच दिली, टेबल पुसलं, आईला नवीन ताट आणून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. आई घरी येईपर्यंत गप्प. मग म्हणाली, "शेंगाला घाबरतेत होय ही लोकं?" मी समजावलं, माणूस मरतो त्यानं. तिनं दुसऱ्या दिवशी डबीवर चिठ्ठी चिकटवली. तर चटणी घरी ठेवा पोरांनो, विद्यापीठाच्या शेअर केलेल्या किचनमध्ये पण हाऊसमेटना आधी विचारा.

बिलात खाली साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, लंडनमध्ये साधारण हाच आकडा. ८० पौंडाचं जेवण म्हणजे वर १० पौंड. ते 'डिस्क्रिशनरी' लिहिलेलं असतं, म्हणजे सक्तीचं नाही, सर्व्हिस खरंच वाईट असेल तर काढायला सांगता येतं, पण उगाच काढू नका. मात्र तो लावल्यावर कार्ड मशीनवर परत टिप विचारतात तिथं बिनधास्त नो दाबा. आणि हे तुमच्यासाठी पण आहे, कारण तुमच्यातली निम्मी पोरं अशाच ठिकाणी पार्टटाइम लागणार, टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या आत. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा आहे की टिप आणि सर्व्हिस चार्ज मालकाला स्वतःकडं ठेवता येत नाही, सगळा कामगारांना वाटावा लागतो. वाटणीचे नियम लेखी मागता येतात, मागा.

आपल्या जेवणाची आठवण आली तर तिथं भारतीय रेस्टॉरंट म्हणजे फक्त करी हाऊस असं समजू नका. रीजेंट स्ट्रीटवर वीरास्वामी १९२६ साली सुरू झालं, म्हणजे मिशलिनचे स्टार सुरू झाले त्याच वर्षी. स्टार मिळायला मात्र भारतीय जेवणाला २००१ उजाडलं, आणि २०२४ मध्ये मेफेअर भागातल्या 'जिमखाना' रेस्टॉरंटला दोन मिळाले, लंडनमध्ये भारतीय रेस्टॉरंटला पहिल्यांदाच. ज्वारीची कडक भाकरी मात्र मला अजून कुठल्याच मेन्यूवर दिसली नाही.

भाच्यानं शेवटी विचारलं, मामा, हातानं खाल्लं तर? भारतीय जागी खुशाल खा, मी तर जिमखान्यासारख्या ठिकाणी पण नान हातानंच तोडतो. बाकी ठिकाणी ब्रेड हातानं तोडायचा असतो, सुरीनं कापला तर उलट तुम्हीच नवखे वाटता.