न उलगडलेला बालखून: फाइल थंड पडू नये म्हणून घरच्यांनी काय करायचं

मुलाचा खून झाला हे पक्कं, पण आरोपीचा पत्ता नाही. अशा गुन्ह्यात काही काळाने पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘अ समरी’ पाठवतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडत नाही. (तक्रार खोटी असेल तर ब समरी, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली असेल तर क समरी.) बहुतेक आईवडील अ समरीला ‘केस बंद’ समजतात आणि हातपाय गाळतात. कायदा तसं म्हणत नाही. मुदतीचं बंधन तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच आहे. खुनाचं आरोपपत्र वीस वर्षांनीही दाखल होऊ शकतं. अहवाल न्यायालयात गेल्यावरही अधिक तपास करण्याचा पोलिसांचा अधिकार संपत नाही. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत तो कलम १७३(८) मध्ये होता, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९३(९) मध्ये आहे. गुन्हा जुना असेल तर अर्जात दोन्ही कलमं लिहा, म्हणजे कुठला कायदा लागू यावरून अर्ज परत येणार नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे. समरी मंजूर झाली की मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा रस्ता मोकळा होतो. फाइल पुन्हा उघडता येते, जाळलेला फ्रॉक परत आणता येत नाही.

इंग्लंडमधल्या रॉचडेलचं उदाहरण प्रत्येक तपास अधिकाऱ्याला सांगण्यासारखं आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये दुकानात गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलीचा खून झाला. एका निरपराध माणसाला १९७६ मध्ये जन्मठेप झाली आणि सोळा वर्षं तुरुंगात काढल्यावर १९९२ मध्ये तो सुटला. मुलीच्या कपड्यांवरच्या वीर्यात शुक्राणू होते आणि या माणसाच्या शरीरात ते तयारच होत नव्हते, हे तेव्हाच तपासता आलं असतं. मुलीच्या कपड्यांवरचे तंतू उचलायला वापरलेल्या चिकटपट्ट्या मात्र कुणी फेकल्या नव्हत्या. त्यांवरून पुढे डीएनए मिळाला, दुसऱ्याच प्रकरणात अटक झालेल्या माणसाच्या नमुन्याशी तो जुळला आणि २००७ मध्ये, बत्तीस वर्षांनी, खऱ्या आरोपीला शिक्षा झाली. १९७५ मध्ये डीएनए चाचणी हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. आज निरुपयोगी वाटणारी वस्तू उद्या काय सांगेल हे आज ठरवता येत नाही, म्हणून ती टिकली पाहिजे.

पहिलं काम: मुद्देमाल

पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून असतो आणि त्याच्याकडे मुद्देमाल रजिस्टर असतं. गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) आणि साल सांगून तुमच्या गुन्ह्यातल्या वस्तूंचा मुद्देमाल क्रमांक विचारा. जप्ती पंचनाम्यातली यादी हातात घेऊन एकेक वस्तू जुळवा: कपडे, चप्पल, दोरी, माती, नखांचे तुकडे, केस. प्रत्येक वस्तूची जागा लिहून घ्या. ठाण्यात आहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहे, की न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत? प्रयोगशाळेतून परत आलेली पुडी ठाण्याला मिळाल्याची नोंदच नाही, ही गोष्ट अनेकदा इथेच लक्षात येते. पाच वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

पुडी कशी आहे तेही विचारा. रक्त किंवा अन्य स्राव लागलेला कपडा सावलीत पूर्ण वाळवून कागदात बांधलेला असावा, वर दोरा, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल असावं. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर आत दमट राहतो, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे होतात. कोकणात आणि मुंबईत चार महिन्यांची हवाच हे काम करते. पुडी प्लॅस्टिकमध्ये असल्याचं कळलं तरी ठाण्यातल्या कुणाला ‘उघडून बदला’ असं सांगू नका. विनापंचनामा तुटलेलं सील हा बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो. न्यायालयाच्या परवानगीने, पंचांसमक्ष, चित्रीकरण करून आणि शक्यतो न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या हातून पुडी बदलली जावी, अशी मागणी करा.

लगोलग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे एक साधा अर्ज द्या. मजकूर साधारण असा:

“गु.र.नं. ___/___, पोलीस ठाणे ___, भारतीय दंड संहिता कलम ३०२ (१ जुलै २०२४ पासूनचा गुन्हा असल्यास भारतीय न्याय संहिता कलम १०३). या गुन्ह्यातील आरोपी अद्याप निष्पन्न झालेला नाही. सोबतच्या यादीतील मुद्देमाल भविष्यातील डीएनए व अन्य तपासणीसाठी आवश्यक आहे. तरी तो नष्ट करू नये, कोणाच्या ताब्यात देऊ नये, कोरड्या जागी सुरक्षित ठेवावा, आणि विल्हेवाटीचा कोणताही आदेश देण्यापूर्वी अर्जदारास नोटीस देऊन म्हणणे ऐकावे, ही विनंती.”

हा अर्ज आता जास्तच गरजेचा झाला आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ नुसार न्यायालयापुढे आलेल्या मालमत्तेची यादी आणि फोटो करून तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायची तरतूद आहे. जप्त गाड्यांसाठी ती सोयीची आहे. खुनातल्या कपड्याच्या फोटोतून डीएनए निघत नाही, एवढं एक वाक्य अर्जात घाला.

माहिती कशी काढायची

तोंडी विचारणा विसरली जाते. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयाला जोडा. तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांत कळवणं हे नव्या संहितेच्या कलम १९३(३) मध्ये आहे. पत्रात त्याचा उल्लेख करा.

त्याने काम झालं नाही तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, फी दहा रुपये. ‘तपास कुठवर आला’ असं विचारलंत की कलम ८(१)(ज) दाखवून नकार येतो, कारण तपासात अडथळा येईल अशी माहिती रोखता येते. म्हणून तपास विचारूच नका, नोंदी विचारा: मुद्देमाल क्रमांक, प्रयोगशाळेला नमुने पाठवल्याची तारीख आणि जावक क्रमांक, सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेचा रासायनिक विश्लेषण अहवाल) मिळाल्याची तारीख, सध्याच्या तपास अधिकाऱ्याचा हुद्दा, समरी न्यायालयात पाठवल्याची तारीख. यातल्या एकाही उत्तराने तपासात अडथळा येत नाही आणि अपिलात ते सहज मांडता येतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

समरीची नोटीस

समरी मंजूर करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे. पण घर बदललेलं असतं, नोटीस ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत जाते आणि समरी बिनविरोध मंजूर होते. पत्ता किंवा फोन बदलला की ठाण्याला आणि न्यायालयाला लेखी कळवा. एवढ्या लहान गोष्टीवर फार काही अवलंबून असतं.

नोटीस आली की निषेध अर्ज, म्हणजे समरीला हरकत घेणारा अर्ज, द्यायचा. ‘पोलिसांनी नीट तपास केला नाही’ एवढ्याने भागत नाही. काय राहिलं ते बोट ठेवून दाखवा: अमुक साक्षीदाराचा जबाब नाही, नखांचे नमुने पाठवलेच नाहीत, घटनास्थळी मिळालेला ठसा पुन्हा तपासला नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांवर पोलिसांचा निष्कर्ष बंधनकारक नसतो, ते अधिक तपासाचा आदेश देऊ शकतात. मागणीत ‘अधिक तपास’ हेच शब्द वापरा. ‘फेरतपास’, म्हणजे आधीचं सारं बाजूला ठेवून नव्याने तपास, हा आदेश उच्च न्यायालयाच्या हातातला आहे. या एका शब्दापायी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

समरी आधीच मंजूर झाली असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून सर्व कागदांच्या प्रमाणित प्रती काढा: फिर्याद, बेपत्ता नोंद, मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सीए रिपोर्ट, जबाब. तपास चालू असताना न मिळालेले कागदही इथे मिळू शकतात.

कोणत्या तपासण्या मागायच्या

जुन्या सीए रिपोर्टवर ‘वीर्य आढळले नाही’ किंवा ‘रक्तगट निश्चित झाला नाही’ असं लिहिलेलं असेल तर त्याला शेवटचा शब्द मानू नका. तो त्या काळच्या चाचणीचा निकाल आहे. आज फार कमी पेशींतूनही डीएनए प्रोफाइल निघू शकतं. मुलीच्या शरीरावरच्या किंवा कपड्यांवरच्या नमुन्यात तिचाच डीएनए जास्त असतो आणि आरोपीचा झाकला जातो, तिथे फक्त पुरुषाचा भाग वेगळा दाखवणारी वाय-एसटीआर चाचणी मागावी. नमुना थोडा असेल तर एका चाचणीत तो संपून जाऊ शकतो. म्हणून काही भाग राखून ठेवावा आणि राखता येत नसेल तर चाचणीआधी न्यायालयाला कळवावं, हे मागणीतच लिहा.

घटनास्थळी मिळालेले बोटांचे ठसे राज्याच्या ‘अ‍ॅम्बिस’ आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ‘नाफिस’ या दोन्ही यंत्रणांत पुन्हा तपासायची मागणी करा, आणि ती दरवर्षी करा. नवी अटक झाली की नवे ठसे जमा होतात. डीएनएची मात्र अशी देशव्यापी गुन्हेगार-बँक आपल्याकडे नाही, त्यासाठीचं विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आलं. त्यामुळे नमुना आपोआप कुणाशी जुळणार नाही. परिसरात तशाच पद्धतीच्या गुन्ह्यात कुणी पकडला गेला तर त्याच्या नमुन्याशी तुलना करा, असं पत्र तुम्हालाच द्यावं लागतं. वर्तमानपत्रातली कात्रणं यासाठी जमवा.

फोन आणि कॅमेऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते पहिल्या दिवसांतच जिंकायचं किंवा हरायचं असतं. सीसीटीव्ही अनेक ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत पुसलं जातं. कंपन्यांना कॉल रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. गुन्हा ताजा असेल तर हे दोन्ही राखून ठेवण्याचं पत्र आजच द्या.

घरात काय जपायचं

मुलाचा टूथब्रश, कंगवा, दुधाचे दात, न धुतलेले कपडे कागदी पाकिटात वेगवेगळे ठेवा, वर तारीख लिहा. जुना मोबाइल विकू नका. त्यातले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवले की आकार घटतो आणि कधी, कुठे काढले ही माहिती निघून जाते. न्यायालयात मूळ उपकरणाला किंमत आहे.

नवी वस्तू सापडली, समजा विहीर उपसताना दप्तर निघालं, तर हात लावू नका. जागेवर फोटो काढा, पोलिसांना बोलवा, दोन पंचांसमक्ष पंचनामा होऊ द्या. १ जुलै २०२४ पासून जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे.

साक्षीदारांबाबत संयम ठेवावा लागतो. दहा वर्षांत नाती बदलतात. तेव्हा गप्प राहिलेली बायको घटस्फोटानंतर बोलते, भीती दाखवणारा माणूस गाव सोडून जातो. कुणी बोलायला तयार झालं तर खोदून विचारू नका, त्याच्या तोंडी नावं घालू नका. तारीख, वेळ, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नव्या संहितेच्या कलम १८३ (जुनं १६४) खाली जबाब नोंदवण्याची मागणी करा. साक्षीदार म्हातारा किंवा आजारी असेल तर अजिबात थांबू नका.

अधिकारी बदलतात. नवे निरीक्षक रुजू झाले की पहिल्या महिन्यात भेटा. जाड फाइल नको, एका पानाचा घटनाक्रम आणि तीन ठोस मागण्या न्या. स्थानिक गुन्हे शाखेलाही तेच पान द्या.

प्रसिद्धी करताना

लैंगिक अत्याचाराचा संशय जरी असेल तरी मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापता येत नाही. मूल हयात नसलं आणि आईवडिलांची संमती असली तरीही नाही. परवानगी द्यायची की नाही ते सत्र न्यायाधीश ठरवतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. स्मृतिदिनाच्या फलकावर फोटो लावण्याआधी वकिलाला विचारा.

जखमा कशा होत्या, अंगावर काय नव्हतं, दोरीला गाठ कोणती होती हे कधीच सांगू नका. जे फक्त खुन्याला ठाऊक आहे, त्यावरूनच पुढे खरी कबुली आणि खोटी कबुली वेगळी ओळखता येते. माहितीसाठी वेगळा फोन नंबर ठेवा, आलेला प्रत्येक फोन वहीत टिपा आणि गाळणी न लावता पोलिसांना द्या. संशयिताचं नाव मात्र जाहीर करू नका, मनात कितीही खात्री असली तरी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. लेकरांच्या नावाने उठलेली अफवा कुठवर जाते हे आपण पाहिलेलं आहे.

उच्च न्यायालय, भरपाई आणि वारस

खालच्या पातळीवर काही हललं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. ‘तपास सीबीआयकडे द्या’ एवढीच मागणी सहसा मान्य होत नाही, न्यायालयं तो अपवादात्मक उपाय मानतात. ठरावीक तपासण्या, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली विशेष पथक आणि ठरावीक काळाने प्रगती अहवाल, या मागण्या जास्त टिकतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर अर्ज आईच्या नावाने करा. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग मात्र वर्षापेक्षा जुनी घटना घेत नाही, तिकडे वेळ घालवू नका.

आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरीही भरपाई मागता येते. नव्या संहितेचं कलम ३९६(४) (जुनं ३५७अ(४)) नेमकं याच स्थितीसाठी आहे. अर्ज त्याच प्राधिकरणाकडे करायचा, चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. भरपाई घेतल्याने तपासावरचा हक्क जात नाही, ही भीती मनातून काढा.

आईवडील थकतात. कायद्याच्या व्याख्येत पीडितामध्ये पालक आणि वारस येतात, म्हणून भावाबहिणीला हे काम पुढे नेता येतं. मुद्देमालाच्या अर्जात आणि समरीच्या उत्तरात त्यांचं नाव व पत्ता ‘नोटीस यांनाही द्यावी’ म्हणून आत्ताच घाला, आणि प्रमाणित प्रतींचा एक पूर्ण संच त्यांच्या घरी ठेवा.