समुद्रतळाच्या गाळातून हिमयुगांचा ठेका स्वतः कसा मोजायचा

पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे हिमयुगं येतात आणि जातात हे आपण कुठेतरी वाचलेलं असतं, पण ते स्वतः मोजून बघता येतं हे फार जणांना माहीत नसतं. लॅब लागत नाही, एक्सेल किंवा तसलं कुठलंही सॉफ्टवेअर आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.

आधी डेटा घ्या. लोरेन लिसिएकी आणि मॉरीन रेमो या दोघींनी २००५ मध्ये जगभरातल्या ५७ ठिकाणच्या गाळाच्या नोंदी जुळवून ५३ लाख वर्षांचा एकच रेकॉर्ड बनवला, त्याला एलआर०४ स्टॅक म्हणतात, नावाने सर्च केलं की साधी टेक्स्ट फाइल फुकट मिळते. पहिल्या कॉलममध्ये वय आहे, तेही हजार वर्षांत, म्हणजे १३० दिसलं तर १ लाख ३० हजार वर्षांपूर्वी. दुसऱ्या कॉलममध्ये ऑक्सिजनचा आकडा आहे आणि सगळा खेळ त्याचाच आहे.

हा आकडा कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. समुद्राच्या तळाशी फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव राहतात, त्यांचं कवच चुन्याचं असतं आणि मेल्यावर ते गाळात थरावर थर साठत जातं. पाण्यात ऑक्सिजन-१६ हा हलका आणि ऑक्सिजन-१८ हा जड, असे दोन्ही असतात. हलका सहज वाफ होऊन उडतो, बर्फ बनून जमिनीवर पडतो, आणि थंड काळात तो बर्फ वितळून परत समुद्रात येतच नाही, मग समुद्रात जडाचं प्रमाण वाढतं आणि तेच कवचात उतरतं, फाइलमधला आकडा त्याचंच माप आहे. शिवाय पाणी गार असलं की कवचात जड ऑक्सिजन अजून जास्त जातो. थोडक्यात आकडा मोठा म्हणजे थंडी आणि बर्फ जास्त. आज तो ३.२ च्या आसपास आहे, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, तो ५ पर्यंत गेला होता.

आता ग्राफ काढा, पण लाइन चार्ट नको, स्कॅटर चार्टच घ्या. कारण फाइलमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही, ६ लाख वर्षांपर्यंत दर हजार वर्षांना एक आकडा आहे, मग १५ लाखांपर्यंत दोन हजारांना, त्यापुढे ३० लाखांपर्यंत अडीच हजारांना. लाइन चार्ट सगळ्या ओळी सारख्याच अंतरावर मांडतो आणि ठेका चुकीचा दिसतो. उभा अक्ष उलटा करा म्हणजे गरम वर आणि थंड खाली येईल.

पहिले ६५० हजार वर्षं झूम करून बघा, करवतीच्या दातांसारखा आकार दिसेल: हळूहळू, अडखळत थंडी वाढत जाते आणि मग एकदम झपकन गरम. ही झपकन वर जाणारी ठिकाणं मोजा. ती साधारण १४, १३०, २४३, ३३७, ४२४, ५३३ आणि ६२१ इथे सापडतील. ६२१ मधून १४ वजा केले की ६०७, त्याला सहाने भागा, सरासरी १०१ हजार वर्षं येते. पृथ्वीची कक्षा कमीजास्त लंबगोल होण्याचं एक चक्र सुमारे १ लाख वर्षांचंच आहे. पण सरासरीवर खूश होऊन थांबू नका, सुटी अंतरंही लिहून काढा, कुठे ८७ तर कुठे ११६ निघतात, म्हणजे हे काही घड्याळासारखं नेमकं नाही.

मग १५०० ते २००० हा तुकडा, म्हणजे १५ ते २० लाख वर्षांपूर्वीचा, वेगळा काढा. मला सगळ्यात भारी वाटते ती ही पायरी, कारण चित्रच बदलतं, लाटा छोट्या आणि जवळजवळ होतात, ५ लाख वर्षांत १२ च्या आसपास. नुसत्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर हाच कॉलम शेजारी कॉपी करून ८ ओळी खाली सरकवा आणि दोन्हींवर कोरेल (CORREL) फंक्शन लावा, ते दोन कॉलम एकत्र वरखाली होतात की उलटे ते सांगतं, उत्तर उणे येईल, कारण २० हजार वर्षांत गरमचं थंड झालेलं असतं. १६ ओळी सरकवा, म्हणजे ४० हजार वर्षं, उत्तर अधिक येतं. पृथ्वीच्या अक्षाचा कल २२.१ ते २४.५ अंशांमध्ये हलतो आणि त्याला लागतात ४१ हजार वर्षं!

कल कमी झाला की उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन कमी मिळतं आणि हिवाळ्यातला बर्फ पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकतो. हिमयुग कडक हिवाळ्याने नाही तर मवाळ उन्हाळ्याने वाढतं, हा मुद्दा सर्बियाच्या मिलुतिन मिलांकोविच यांनी हातानं गणितं करून मांडला. समुद्राच्या गाळातून त्याचा ठोस पुरावा १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकलटन या शास्त्रज्ञांनी दिला. ४१ हजारांचा ठेका सुटून १ लाखाचा का झाला यावर अजून वाद चालू आहे.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. गाळात खोली मोजता येते, वय नाही. एलआर०४ मधली वयं ठरवताना कक्षेच्या गणिताचाच आधार घेतलाय, म्हणून आपल्याला ४१ हजार सापडले यात थोडं आपणच टाकलेलं परत काढणं आहे. मग बाहेरचा पुरावा हवा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं त्याची खूण गाळातही असते आणि लाव्हाच्या खडकातही. खडकांवरून ते ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वी झालं असं मानलं जायचं. १९९० मध्ये शॅकलटन आणि सहकाऱ्यांनी गाळातली कक्षेची चक्रं जुळवली तर वय ७ लाख ८० हजार निघत होतं, म्हणजे ५० हजारांचा फरक, आणि त्यांनी सरळ खडकांचं वय चुकलंय असं मांडलं. नंतर खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या जास्त अचूक पद्धतीने तेच खडक पुन्हा मोजले गेले आणि वय ७ लाख ८० हजारांच्या जवळच आलं. तुमच्या ग्राफवर ७८० पाशी एक उभी रेघ मारून बघा, ती एका गरम टप्प्यात पडते.